शालार्थ आयडी नसलेला स्काऊट मास्टर

पालकसभेत प्रश्न विचारू नये, हे एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर तरी मला कळायला हवं होतं. आमच्या बँकेतही मीटिंगमध्ये जो तोंड उघडतो, त्याच्याच टेबलावर फाईल येऊन पडते. २२ जून २०२४, शनिवार. मुलगा नुकताच सहावीत गेला होता. मी सहज विचारलं, "सर, यंदा स्काऊटचं पथक दिसत नाही?" मुख्याध्यापक म्हणाले, स्काऊटचे सर मे महिन्यात निवृत्त झाले, प्रशिक्षण झालेलं दुसरं कोणी नाही, आणि जे शिक्षक आहेत त्यांना मान वर करायला फुरसत नाही. मग चष्मा काढून माझ्याकडे बघत, "तुम्ही येता का?"

सभेत हशा पिकला. मीही हसलो. घरी येईपर्यंत मात्र हसू ओसरलं होतं. शाळेत असताना मी स्काऊटमध्ये नव्हतो. नाव दिलं होतं, पण गणवेशाचे पैसे घरी मागायचं धाडस झालं नाही, आणि दोन शनिवार साध्या कपड्यांत रांगेच्या टोकाला उभा राहून मी जाणं बंद केलं. हे बायकोला पहिल्यांदाच सांगितलं. ती म्हणाली, "जा मग."

पहिली गोष्ट सांगून टाकतो, कारण मलाही ती ठाऊक नव्हती: स्काऊट मास्टर व्हायला शिक्षकच असावं लागतं असं नाही. शाळांच्या बाहेरही मुक्त पथकं चालतात आणि ती चालवणारे लोक दुकानदार, रेल्वेतले, घरी असलेले, कोणीही असतात. फक्त आपल्याकडे बहुतेक पथकं शाळांची, त्यामुळे सगळे कागद शिक्षकांच्या मापाने शिवलेले. माझे पुढचे दोन महिने त्या मापात मावण्यात गेले.

शाळेकडून दोन कागद मिळाले: पालक-शिक्षक संघाचा ठराव आणि मुख्याध्यापकांचं शिफारसपत्र. मुख्याध्यापकांनी आणखी एक अट घातली, पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. मला आधी जरा लागलं. मग वाटलं, माझा मुलगा ज्यांच्या ताब्यात जाणार त्यांच्याकडे मीही हेच मागितलं असतं. अर्ज ऑनलाइन होतो, फी सव्वाशे रुपयांच्या आत. सोळाव्या दिवशी पोलीस स्टेशनातून फोन आला. हवालदारांनी विचारलं, "परदेशात कुठं निघालाय?" स्काऊट म्हटल्यावर ते खुर्चीत सावरून बसले आणि तिथल्या तिथे तीन बोटांचा सॅल्यूट करून दाखवला. त्यांच्या वेळचा त्यांना अजून येत होता.

स्काऊट-गाईडच्या जिल्हा कार्यालयात भरायच्या फॉर्ममध्ये सातवा रकाना होता: शालार्थ आयडी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, शिक्षकांचे पगार ज्या प्रणालीतून होतात तिचा हा क्रमांक.

"आयडी टाका ना सर."
"मला नाही. मी बँकेत आहे."
"मग शाळेत कधीपासून?"
"शाळेत नाही."
"मग स्काऊट मास्टर कसे?"
"तेच व्हायला आलोय."

त्यांचीही चूक नव्हती. असा उमेदवार त्यांच्यासमोर वर्षानुवर्षं आला नसावा. शेवटी रकान्यात आडवी रेघ मारून वर 'पालक स्वयंसेवक' लिहिलं आणि कोपऱ्यात मुख्याध्यापकांची सही घेऊन या म्हणाले. म्हणजे आणखी एक फेरी. तुम्ही शिक्षक नसाल तर ही सही आधीच घेऊन ठेवा. सोबत आधार, दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, डॉक्टरांचा दाखला, चार फोटो आणि नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र. या शेवटच्या कागदापायी मी शाखाधिकाऱ्यांसमोर तीनदा उभा राहिलो. शिक्षकांना शिबिरासाठी कर्तव्य रजा मिळते. मला मिळाली अर्जित रजा, माझ्याच खात्यातली.

ऑगस्टमध्ये एका रविवारी एक दिवसाचा ओळखवर्ग झाला. भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० ला वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन झाली, गाईड्स पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला सामील झाल्या, लहानांचे कब आणि बुलबुल, मधल्या वयाचे स्काऊट आणि गाईड, मोठ्यांचे रोव्हर आणि रेंजर, असं सगळं तिथे कळलं. चहा चांगला होता. त्याच आठवड्यात जागतिक स्काऊट संघटनेचा 'सेफ फ्रॉम हार्म' हा मुलांच्या सुरक्षिततेचा ऑनलाइन अभ्यासक्रम केला. तो मात्र चहा पीत करण्यासारखा नाही. त्यातलं एक वाक्य मी आजही पाळतो: कोणत्याही मुलासोबत एकट्याने बंद जागी थांबायचं नाही. बोलायचंच असेल तर चारचौघांना दिसेल अशा ठिकाणी, आणि शक्यतो दुसरं मोठं माणूस जवळपास हवं.

मग वाट पाहणं. सात दिवसांचा निवासी बेसिक कोर्स ऑक्टोबरअखेर व्हायचा होता. मी रजा टाकली. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, निम्मे प्रशिक्षणार्थी निवडणूक ड्युटीवर, कोर्स पुढे ढकलला. रजा रद्द करायचा अर्ज. मतदान २० नोव्हेंबरला झालं, निकाल लागले, तरी तारीख येईना. डिसेंबरमध्ये मी गणवेश शिवून घेतला, निदान तेवढं तरी हातात असावं म्हणून. स्टील ग्रे शर्ट, नेव्ही ब्लू पँट, टोपी, स्कार्फ, वॉगल (स्कार्फ अडकवायचं कडं), शिट्टी आणि डोरी, काळे बूट. सगळं मिळून मला २,३५० रुपये पडले. त्यातला मोठा भाग बुटांचा.

तारीख आली: ६ ते १२ जानेवारी २०२५. शुल्क भरलं, पुन्हा रजा टाकली.

नदीकाठच्या एका आश्रमशाळेत शिबिर होतं. थंडी अशी की पहाटे नळाचं पाणी हाताला चावायचं. आम्ही बत्तीस जण, आठ-आठचे चार संघ. एकतीस शिक्षक आणि मी. पहिल्या ओळखीत प्रत्येकाने शाळा सांगितली. मी बँक म्हटल्यावर शेजारचे गुरुजी हळूच म्हणाले, "आमचं गृहकर्ज बघता का हो तुम्ही?"

पहिल्याच सकाळी गणवेश तपासणी. माझ्यासमोर प्रशिक्षक थांबले, खिशांकडे बघितलं आणि काही न बोलता सुईदोरा पुढे केला. मी दोन्ही बिल्ले उलटसुलट शिवून घेतले होते. हिरव्या कापडावरचा पिवळा सदस्यत्व बिल्ला डाव्या खिशाच्या मधोमध असतो, जांभळा जागतिक बिल्ला उजव्या. शिंप्याला मी फोटो दाखवला होता, पण तो सेल्फी होता, डावं-उजवं उलटलेलं. सगळ्यांच्या देखत, मांडी घालून, गारठलेल्या बोटांनी मी टाके उसवत बसलो. नवशिक्यांना कळकळीने सांगतो: बिल्ले सुट्टे न्या, तिथे विचारून शिवा.

दिवस पहाटे पाचच्या शिट्टीने उघडायचा. बी.पी.चे, म्हणजे स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांचे, सहा व्यायाम, चहा, राहुटी आवरणं, तपासणी, ध्वजवंदन. प्रार्थना नव्वद सेकंदांत आणि झेंडागीत पंचेचाळीस सेकंदांत संपलं पाहिजे, हे मला कुठून ठाऊक असणार? प्रशिक्षक हातात घड्याळ घेऊन उभे. पहिल्या दिवशी आमची प्रार्थना एकशे आठ सेकंद चालली. "भजन नाही हे," एवढंच म्हणाले. तिसऱ्या दिवशी एक्क्याण्णव. रात्री शेकोटी संपून अंथरुणाला पाठ टेकायला साडेदहा वाजायचे आणि त्यानंतर लॉगबुक. लॉगबुक त्या-त्या रात्रीच लिहा. मी दोन दिवस तुंबवलं आणि चौथ्या रात्री टॉर्च दातात धरून एक वाजेपर्यंत बांबूच्या ट्रायपॉडची चित्रं काढत होतो.

शिबिरप्रमुखांच्या गळ्यात चामड्याच्या दोरीत चार लाकडी मणी होते. पहिले दोन दिवस मला ती हौस वाटली. नंतर कळलं की मण्यांची भाषा आहे. बेसिक, मग ॲडव्हान्स्ड, मग हिमालय वूड बॅज, असे प्रशिक्षणाचे तीन टप्पे पूर्ण केले की दोन मणी मिळतात. प्रशिक्षक होण्याच्या वाटेवर तीन, पूर्ण प्रशिक्षक झाल्यावर चार. बेडन-पॉवेल यांनी आफ्रिकेतून आणलेल्या, झुलू राजा दिनुझुलूच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या माळेतले मणी १९१९ च्या पहिल्या वूड बॅज वर्गाला दिले गेले. लंडनजवळच्या गिलवेल पार्कात झालेल्या त्या वर्गापासूनची ही रीत. आमच्यातले काही जण पूर्ण वेळ त्या मण्यांकडेच बघत होते. खरं तर मीसुद्धा.

आता गाठींबद्दल, कारण माझा खरा पाणउतारा तिथे झाला. रीफ नॉट, म्हणजे दोन टोकं जोडायची साधी गाठ, शिकवताना मी म्हणालो, ही मला येते, रोज व्हाउचरचे गठ्ठे बांधतो. प्रशिक्षकांनी माझ्या हातात सुतळी दिली. मी झटक्यात बांधली. त्यांनी दोन्ही टोकं जरा हलवली आणि गाठ सरकत सुटून आली. "ही ग्रॅनी नॉट. तुमच्या बँकेचे गठ्ठे सुटतात का हो?" सुटतात. रेकॉर्ड रूममध्ये रोज सुटतात आणि आम्ही सुतळीला नावं ठेवतो. उजवं टोक डाव्यावरून, मग डावं उजव्यावरून, एवढाच फरक. मी दोन्ही वेळा उजवंच वर घेत होतो, नोकरीला लागल्यापासून.

चौथ्या दिवशी प्रत्येक संघाने बांबूचं गॅजेट, म्हणजे शिबिरात वापरायची एखादी वस्तू, उभारायची होती. आमच्या गरुड संघाकडे हात धुण्याचा स्टँड आला. आम्ही आठ जण, सरासरी वय पंचेचाळीस, आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटत होतं. प्रशिक्षक दहा फुटांवर पँटच्या खिशात हात घालून उभे होते. स्क्वेअर लॅशिंगमध्ये, म्हणजे दोन बांबू काटकोनात बांधताना, उभ्या बांबूला क्लोव्ह हिचची गाठ मारून आडव्यावरून तीन फेरे घ्यायचे आणि मग दोन बांबूंच्या मधून कसणारे फेरे द्यायचे. हे कसणारे फेरे आम्ही घाईत सोडले. त्यांना ते दिसत होतं. ते दिसतंय हे मलाही दिसत होतं, कारण त्यांची नजर त्या सांध्यावरून हलत नव्हती. तरी ते एक शब्द बोलले नाहीत. आम्ही वर पाण्याने भरलेली घमेली ठेवली. स्टँड आधी डावीकडे झुकला, क्षणभर थांबला आणि मग सावकाश, एखाद्या म्हाताऱ्याने बसकण मारावी तसा खाली बसला. गुरुजींचे बूट भिजले. प्रशिक्षक तेव्हाही हललेच नाहीत. आम्ही आपापसात पाच मिनिटं भांडलो, आणि मग आमच्यातले सगळ्यात अबोल चित्रकला शिक्षक खाली बसून म्हणाले, "मधले फेरे राहिलेत."

रात्री मी शिबिरप्रमुखांना विचारलं, प्रशिक्षकांनी आधीच का नाही सांगितलं? ते म्हणाले, "सांगितलं असतं तर स्टँड आमचा झाला असता. १९०७ मध्ये ब्राऊनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी वीसेक मुलांचे चार संघ केले आणि कारभार पोरांच्या हातात दिला. संघ पद्धत म्हणजे तेवढंच. तुम्हाला पोरांना शिकवायचं नाहीये सर, संघनायकाला शिकवायचंय, आणि मग गप्प बसायचंय. गप्प बसणं जमत नाही म्हणून तर सात दिवस लागतात." एकतीस शिक्षकांना हे ऐकवणं त्यांच्या जिवावर आलं असेल का, कुणास ठाऊक. सगळे शेकोटीकडे बघत होते.

बाकीच्या दिवसांत वाटेवरच्या खुणा ओळखत केलेली पदभ्रमंती, होकायंत्र, प्रथमोपचार, आणि भांड्याशिवायचा स्वयंपाक. पानांत गुंडाळून निखाऱ्यात भाजलेल्या बटाट्यांची चव अजून जिभेवर आहे. काडीवर भाजलेल्या कणकेबद्दल काही बोलत नाही. स्काऊट वचनाच्या तासाला एकाने विचारलं, देव न मानणाऱ्याने काय करायचं? वचनातल्या 'ईश्वर' या शब्दाऐवजी 'धर्म' म्हणायची मुभा आहे, असं उत्तर मिळालं आणि त्यावर जेवणाच्या पंगतीत जी चर्चा रंगली ती अजून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून उसळते. त्याच महिन्याच्या शेवटी तिरुचिरापल्लीजवळ मणप्पारैला संस्थेची हीरक महोत्सवी जांबोरी, म्हणजे स्काऊट-गाईडचा मोठा मेळावा, होती. दोघे प्रशिक्षक शिबिर आवरता आवरताच तिकडच्या मुलांच्या याद्या करत बसले होते.

परतल्यावर दीड महिन्याने प्रमाणपत्र आलं. वॉरंटसाठी, म्हणजे स्काऊट मास्टर म्हणून अधिकृत नेमणुकीसाठी, वेगळा अर्ज. सप्टेंबरात एक दिवस मी काउंटरवर असताना फोन टेबलावर राहिला होता आणि शिपायाने तो स्क्रीन वाचत शाखाधिकाऱ्यांच्या केबिनमध्येच नेऊन दिला: "तुमचं वॉरंट निघालंय, कार्यालयात येऊन घेऊन जावे." पुढची दहा मिनिटं मी बँकेला स्काऊट चळवळ समजावून सांगत होतो.

दरम्यान पथक सुरू झालं होतं. जून २०२५ मध्ये शाळा उघडल्यावर एकेचाळीस मुलांनी नावं दिली. संमतीपत्रं आली तेवीस. पालकांचा प्रश्न एकच: "दहावीला याचे मार्क मिळतात का?" मी म्हणायचो, तुमचा मुलगा सहावीत आहे. एकाची संमती यायची राहिली होती म्हणून त्याच्या घरी गेलो, तर आजोबा म्हणाले, गणवेशाला पैसे नंतर देऊ चालेल का. चोविसावं नाव मी तिथेच उभ्या उभ्या लिहिलं. पहिले पाच महिने कुणालाच गणवेश सक्तीचा केला नाही. ज्याच्याकडे नाही तो रांगेच्या टोकाला उभा राहणार नाही, एवढं मात्र मी संघनायकांना बजावलं. यात गप्प बसलो नाही.

गणवेशाचा प्रश्न खरी कमाईतून थोडा सुटला. मुलांनी श्रम करून पैसे मिळवायचे, ही आपल्याकडची जुनी आणि मला सगळ्यात आवडलेली रीत. सप्टेंबरात त्यांनी शिक्षकांच्या दुचाक्या धुतल्या आणि मटकीची उसळ विकली. उसळीत मीठ जास्त पडलं होतं. मी चव घेतली, तोंड मिटलं. पहिल्या गिऱ्हाइकाने, म्हणजे मुख्याध्यापकांनी, तोंड वाकडं केल्यावर संघनायक पळत जाऊन बटाटे घेऊन आला. खर्च वजा जाता १,१४० रुपये उरले. इथे माझी नोकरी कामाला आली: जमा-खर्चाची वही, पावत्या, दोघांच्या सह्या, सगळं मुलांनी लिहिलं. मानसभेत, म्हणजे संघनायकांच्या बैठकीत, ठरलं, निम्मे पैसे दोरांना आणि निम्मे स्कार्फना. मला ताडपत्री हवी होती. माझं मत कुणी विचारलं नाही.

चिरंजीवांचा विषय नाजूक होता. त्याला संघनायक करायचं नाही हे आधीच ठरवलं होतं. पथकात 'सर', घरी 'बाबा', असा करार झाला. दुसऱ्याच शनिवारी तो मैदानावर "बाबा, शिट्टी!" असं ओरडला, पोरं हसली आणि तो तीन आठवडे माझ्याशी पथकात एक शब्दही बोलला नाही. घरी मात्र मुद्दाम "हो सर, जेवायला वाढा सर" चालायचं.

दीक्षाविधी, म्हणजे मुलांनी वचन घेऊन रीतसर स्काऊट होण्याचा समारंभ, ७ नोव्हेंबर २०२५ ला ठेवला. संस्थेला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती, दिवाळीची सुट्टी नुकतीच संपली होती. चोवीसपैकी एकोणीस मुलांची प्रवेशाची चाचणी पूर्ण झाली होती, पाच जण गाठींमध्ये अडकले होते. त्या पाचांना पुढची तारीख दिली. त्यातला एक चिरंजीव. रात्री बायको म्हणाली, "एक गाठ, सोडून द्यायचीत." मी स्वयंपाकघरातल्या सुतळीचा तुकडा तिच्या हातात दिला आणि रीफ नॉट बांधून दाखव म्हटलं. ती बांधली तिने, बरोबर. माहेरी पापडांच्या डब्यांना तशीच बांधतात म्हणे. मग त्या दोघांचा ओट्यापाशी तास चालला आणि मी बाहेर बसलो.

आता ॲडव्हान्स्ड कोर्सचं पत्रक आलंय. त्याआधी पथक चालवल्याचा अनुभव लागतो, तो झाला. पुन्हा सात दिवस. माझ्या खात्यात अर्जित रजा अकरा उरल्यात, आणि त्यातल्या पाच बायकोने मेमध्ये कोकणात जायचं म्हणून आधीच अडवून ठेवल्यात. सातातल्या एका दिवशी रविवार येतो. म्हणजे बरोबर जुळतंय, कोर्सची तारीख पुन्हा पुढे गेली नाही तर.